हँडल विकण्याआधी

बाळा,

तुझा मेसेज वाचला. तुमच्या रोपवाटिकेचं इन्स्टाग्रामवरचं नाव, म्हणजे हँडल, शहरातली एक कंपनी पैसे देऊन मागते आहे, नाही दिलंस तर ट्रेडमार्कची तक्रार करू म्हणते. आणि तू विचारतोस, काका, नाव तर मीच आधी घेतलं, मग मालक मीच ना? नाही. वाईट वाटेल, पण आधी हे ऐकून घे. ते नाव म्हणजे वावर समज, तू ते मक्त्यानं वाहतो आहेस. मेहनत तुझी, पीक तुझं, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर.

खातं उघडताना ज्या अटींना आपण न वाचताच होकार देतो, त्यांत लिहिलं आहे की खातं किंवा युजरनेम विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. इन्स्टाग्रामला गरज वाटली तर ते नाव बदलूही शकतात. म्हणजे जे विकायचा तू हिशेब मांडतो आहेस, ते विकायचा हक्कच तुला नाही. पैसे घेऊन पासवर्ड दिलास आणि उद्या खातं बंद पडलं, तर समोरचा वसुलीला तुझ्याच दारात येईल.

आपण खेड्यातले म्हणून आपल्यावर असं येतं, असंही समजू नकोस. सॅन फ्रान्सिस्कोचे फोटोग्राफर जीन ह्वांग यांच्याकडे ट्विटरवर २००७ पासून एका अक्षराचं हँडल होतं, 'एक्स'. जुलै २०२३ मध्ये कंपनीनं स्वतःचंच नाव एक्स केलं आणि ते काढून घेतलं. पैसे दिले नाहीत, कंपनीच्या नावाच्या वस्तू आणि ऑफिस दाखवायचं आमंत्रण तेवढं दिलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका दिवाळखोरीच्या खटल्यात हीच कंपनी कोर्टात म्हणाली की खाती आमची, लोकांना फक्त वापरायची परवानगी आहे. आणि अमेरिका कशाला? २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. आपल्या भागातली किती पोरं तिथे नावारूपाला आली होती. बघणारे लाखो, पण त्यांतल्या एकाचाही नंबर जवळ नाही.

म्हणून म्हणतो, माणसं वहीत उतरव. फॉलोअर किती ते मला सांगू नकोस. त्यांतल्या किती जणांना तू आज संध्याकाळी फोन लावू शकतोस, ते सांग.

काही वर्षांपूर्वी खतं-औषधं विकणाऱ्या एका निविष्ठा कंपनीच्या माणसानं आमच्या शेतकरी गटाचं फेसबुक पेज त्याच्याच खात्यावरून उघडून दिलं. आम्ही संत्र्याच्या आंबिया बहाराचे फोटो पाठवायचो, तो टाकायचा. त्याची बदली झाली आणि आमच्या संत्र्यांच्या जागी त्यांच्या औषधांच्या जाहिराती यायला लागल्या. लोक तिथे आमच्याकडे कलमा मागत होते आणि आम्हाला उत्तर देता येत नव्हतं. पाऊस लागायच्या आधी मी वही घेऊन बसलो आणि एकेकाला फोन लावला. माझ्या वहीत गाव, नाव, मोबाईल, कलमा किती, ज्यावर कलम बांधलं तो खुंट जंबेरीचा की रंगपूरचा, सगळं आहे. एखाद्या ओळीपुढे 'दोन वाळल्या, बदलून दिल्या' असंही. गटातले म्हणायचे, जमाना बदलला, वही कशाला? अरे, जमाना बदलला म्हणूनच! त्या वर्षी कलमा गेल्या त्या वहीमुळे गेल्या. सल एवढीच की पेजवरून जोडलेली काटोल-नरखेडकडची माणसं तुटली ती तुटलीच, त्यांचे नंबर कुठेच नव्हते. लोक मला हट्टी म्हणतात. या बाबतीत मी हट्टीच राहणार.

पण धमकीला घाबरून नाव सोडूही नकोस. हँडल वेगळं आणि धंद्याचं नाव वेगळं. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे, त्याचं कलम ३४ वकिलाला दाखव. समोरच्यानं नोंदणी केली असली, तरी त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून जो ते नाव सतत वापरतो आहे, त्याला तो अडवू शकत नाही. तुझे बाबा किती वर्षांपासून याच नावानं कलमा विकतात? त्यांची बिलबुकं, रोपवाटिकेचा परवाना, जुन्या पाट्यांचे फोटो, हाच तुझा पुरावा. माळ्यावर उंदरांनी कुरतडायच्या आधी खाली काढ.

खातं खरंच काढून घेतलं, तर आधी इन्स्टाग्रामच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार कर. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल द्यावा लागतो. निकाल पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. रडत बसण्यात ते दिवस घालवू नकोस.

आणि डॉट इनचं एक डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेऊन ठेव. तेही दरवर्षी पैसे भरूनच टिकतं, पण नोंद तुझ्या नावावर असते आणि ज्याच्याकडून घेतलं तो पटला नाही तर दुसरीकडे हलवता येतं. नोंद तुझ्याच नावानं आणि तुझ्याच ईमेलवर कर. व्हिडिओ काढून देणाऱ्या मित्राच्या नावावर अजिबात नको, तो कितीही जिवाभावाचा असला तरी.

नाव मागणाऱ्या त्या कंपनीला या आठवड्यात काहीही उत्तर देऊ नकोस, फोनवर तर नाहीच. त्यांचे सगळे मेसेज तारखेसकट जपून ठेव. रविवारी वरुडला येशील तेव्हा बाबांना आणि बिलबुकांना घेऊन ये, वकिलाकडे मी सोबत येतो. येईपर्यंत रोज रात्री बसून मेसेजमधली गिऱ्हाइकं वहीत उतरव. पासवर्ड आधीच देऊन बसला असशील, तर मात्र रविवारची वाट पाहू नकोस, आत्ता फोन कर.

तुझा,
काका