रुबायाच्या खाणीतून जगभराच्या मोबाईलसाठी कोलटान (टँटलम धातू असलेलं खनिज) जातं, मग ते गाव गरीब कसं?

कारण माल गावातून निघतो पण पैसा गावात थांबतच नाही, वाटेत बंदूकवाले आणि दलाल बसलेत. रुबाया म्हणजे काँगोच्या पूर्वेला उत्तर किवू प्रांतात, मासिसी भागात. जगातल्या कोलटानपैकी अंदाजे १५ टक्के इथून येतं असं सांगतात, आणि काम सगळं हातानं, फावडं, पहार, टेकडीत खणलेली बिळं, मग ती माती पाण्यात धुवायची, कोलटान जड म्हणून खाली बसतं आणि चिखल वाहून जातो, मग गोणी भरून खांद्यावर घेऊन उतरायचं. पाऊस झाला की टेकडी खचते, माणसं गाडली जातात, हे तिथं नेहमीचंच झालंय.

एप्रिल २०२४ अखेरीस एम२३ या सशस्त्र गटाच्या बंडखोरांनी गाव ताब्यात घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाचा डिसेंबर २०२४ चा अहवाल आहे, त्यात महिन्याला निदान १२० टन माल शेजारच्या रवांडा देशात जातो आणि बंडखोर करापोटी महिन्याला ८ लाख डॉलर गोळा करतात असं दिलंय, म्हणजे किलोमागे साधारण साडेसहा डॉलर झाले की हो!

फक्त एक, "मग तिथलं कोलटान घेणंच बंद करा" हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. सप्टेंबर २०१० मध्ये काँगोचे तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ कबिला यांच्या सरकारनं पूर्वेकडच्या खाणींवर बंदी घातली तेव्हा खणणाऱ्यांचाच रोजगार बुडाला, आणि सशस्त्र टोळ्या काही गेल्या नाहीत.