चित्रकलेतलं काही कळत नसेल तर चित्राचा आस्वाद कसा घ्यावा? चित्रकाराची माहिती असायलाच हवी का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. हवी. निदान नाव तरी हवंच. "चित्र आवडलं ना, मग कोणी का काढलेलं असेना" हे वाक्य माझ्या मावशीच्या यजमानांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता सोसवत नाही.

त्यांच्या हॉलमध्ये एक प्रिंट आहे. ते चित्र तुम्हीही पाहिलं असणार: हातात दिवा आणि ज्योतीला आडवा तळवा धरून उभी असलेली तरुणी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. काका आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, "राजा रवि वर्मा!" एकदा मुलीच्या सासरची मंडळी बसलेली असताना मी म्हटलं, "काका, हे सावळाराम हळदणकरांचं आहे. आपल्या सावंतवाडीचे." काका म्हणाले, "एवढं सुंदर चित्र रवि वर्माशिवाय कोण काढणार?" मी म्हटलं, रवि वर्मा १९०६ साली गेले, हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं आहे आणि त्यासाठी हळदणकरांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती. यावर "तू गेला होतास का बघायला?" मावशीनं चहा पुढे केला आणि विषय तिथेच मिटला. म्हणजे त्यांच्यापुरता.

हा घोळ होतो कसा, तेही कळतं. रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या देवदेवता घरोघरी भिंतींवर गेल्या. तेव्हापासून जुनं चित्र, त्यात साडीतली देखणी बाई, की लोकांनी रवि वर्मा म्हणून मोकळं व्हायचं.

पण नाव चुकलं की बघणंही चुकतं. रवि वर्मा म्हटलं की माणूस तैलरंग गृहीत धरतो. तैलरंगात अंधार आधी रंगवून त्यावर उजेड मागाहून चढवता येतो. हे चित्र जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. अंधाराचे वॉश, म्हणजे पातळ रंगाचे थर, देताना तो वाचवत जायचं, एकदा गडद झालं की परत फिरणं कठीण. आता त्या बोटांकडे बघा. ज्योत मागे आहे आणि बोटांच्या कडा आतून लालसर झाल्यात. एवढा काळोख भोवती असताना तेवढीच जागा हळदणकरांनी कशी सांभाळली असेल! काका रोज त्या चित्रासमोर पेपर वाचतात, पण हे त्यांना दिसलेलं नाही.

आस्वादाचं म्हणाल तर एकच चित्र घ्या, उजेड कुठून येतोय ते शोधा आणि पुन्हापुन्हा बघा. समीक्षा नंतर वाचा, नाही वाचलीत तरी चालेल. अर्थात अमूर्त चित्रं काढणाऱ्या गायतोंड्यांच्या चित्रांत ना बाई ना दिवा, तिथे ही युक्ती फार पुरणार नाही. आणि रवि वर्मा थोरच आहेत, माझं भांडण त्यांच्याशी नाही.

प्रिंट विकत घेणार असाल तर खालचं नाव तपासा, चुकीचं असेल तर दुकानदाराला तिथल्या तिथे सांगा. आमचे काका म्हणतात, पाहुण्यांसमोर वाद घालू नये. पाहुण्यांना दुसऱ्याच चित्रकाराचं नाव सांगितलेलं मात्र त्यांना चालतं.