अजिंठ्यासाठी फर्दापूरला मुक्काम करावा का?

तुम्ही विचारलंय, लेणी बघून संभाजीनगरला परतावं की फर्दापूरला रात्र काढावी, आणि इतक्या आडवाटेला राहायची सोय झाली तरी कशी. मी सिल्लोडकडचा. माझं ऐकाल तर मुक्काम कराच.

फर्दापूर म्हणजे लेण्यांजवळचं, घाटाच्या पायथ्याचं गाव. तिथला मुक्काम हॉटेलांच्या कितीतरी आधीचा आहे. बुऱ्हाणपूरहून औरंगाबादला येणारी जुनी वाट इथूनच अजिंठ्याचा घाट चढायची. चढणीआधी माणसं आणि जनावरं दमसास घेत, म्हणून पायथ्याला फर्दापूरची सराई आणि वर अजिंठा गावात दुसरी. खालची सराई औरंगजेबाच्या काळातली सांगतात. लेणी बघून थकून आलात तरी ती बघितल्याशिवाय जाऊ नका. आमच्याकडचे लोकसुद्धा तिच्यावरून रोज जातात आणि मान वळवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली. १८४४ पासून चित्रांच्या नकला काढणारा रॉबर्ट गिल वर अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. पण खाली फर्दापूरला खरा मुक्काम पडला तो चित्रांच्या नकला करायला आलेल्या इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅमचा. १९०९ च्या हिवाळ्यात इथं तंबू लागले. तिच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार आले होते, हालदार तर जेमतेम विशीतले! रोज लेण्यांत जायचं, अपुऱ्या उजेडात रेषा न् रेषा उतरवायची, संध्याकाळी परत तंबूत. पुढं हैदराबाद संस्थानानं १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं काढलं, चित्रं सांभाळायला इटलीहून कारागीर आणले, आणि पाहुण्यांसाठी फर्दापूरला सरकारी विश्रामगृह ठेवलं. आजची पर्यटन महामंडळाची सोय त्याच परंपरेतली.

आता फायद्याचं. संभाजीनगरहून लेणी शंभरेक किलोमीटर. तिकडून येणारी गर्दी पोचते तोवर ऊन चढलेलं असतं. फर्दापूरला राहिलात तर टी-पॉइंटवरून, म्हणजे लेण्यांकडे जाणाऱ्या बस जिथून सुटतात तिथून, पहिल्याच बसनं वर जाता येतं. मी असाच एकदा पहिल्या लेण्यात एकटा शिरलो. दिवे मंद, आधी काहीच दिसेना. थोड्या वेळानं डोळे सरावले आणि अंधारातून भिंतीवरच्या चित्रातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीचा मुकुट वर आला, मग गळ्यातले मोती, हातातलं कमळ, सगळ्यात शेवटी ते खाली झुकलेले डोळे. मागून कुणी ‘चला पुढं’ म्हणायला नव्हतं. किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही.

जेवायला हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मागा. घाट उतरला की चव खानदेशाची लागते. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा रविवारची रात्र धरू नका.