भित्तिपत्रक अजून कोणी वाचतं का?

तुम्ही विचारलंय, मुलगी कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी रात्री जागते, तेच फोनवर टाकलं तर जास्त लोक वाचणार नाहीत का? वाचतील की. पण वाचताना तिला दिसणार नाहीत.

मी नाशिकला बी.ए.ला असताना दोन वर्षं हे काम केलं. मेन रोडवरून कार्डशीट आणायची, ज्याचं अक्षर चांगलं त्याला चहा पाजून बसवायचं, काचेच्या पेटीची किल्ली शिपाईकाकांकडून मागून घ्यायची. पहिल्या अंकाला पैसे वाचवायला मैद्याची खळ लावली. ऐन जुलैत! आठवडाभरात माझ्या कवितेवर हिरवी बुरशी चढली. कोणीतरी काचेवर मार्करने लिहिलं, ‘कविता फुलली.’ दुसऱ्याने काचेवरूनच माझ्या ‘दिर्घ’ या शब्दाभोवती नेमका गोल काढला. मी फडकं घेऊन धावलो, तर मराठीचे सर म्हणाले, “राहू दे. वाचक मिळालेत तुला.”

पुढचे अंक आम्ही पेटीबाहेर लावले. खाली दोन बोटं कोरी जागा आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल तीनदा चोरीला गेली. पण एकदा माझ्या अर्धवट कवितेखाली कोणीतरी चार ओळी लिहून गेलं, माझ्यापेक्षा बऱ्या. पुढच्या अंकात त्याच छापल्या, म्हणजे हाताने उतरवल्या. कोणाच्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. तास सुटला की मी जिन्यात उभा राहून बघायचो, कोण थांबतं, कोण कुठल्या ओळीला हसतं. दोन निळ्या खुणांत ते येत नाही.

आता माझी तक्रार. कुसुमाग्रज याच गावचे, एचपीटी कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचा जन्मदिवस, 27 फेब्रुवारी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी भित्तिपत्रकाची फीत कापतात, फोटो होतात आणि तोच अंक जूनपर्यंत पिवळा पडत राहतो. हल्ली तर टाइप करून रंगीत प्रिंट लावतात. पंधरा दिवसांत जे उतरत नाही, त्याला मी भित्तिपत्रक म्हणत नाही. ती शोभेची पाटी.

भिंतीवर लिहिण्याची हौस मात्र इथे जुनीच. पांडवलेण्यात, तिसऱ्या लेण्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, भरभरून कौतुक ब्राह्मीत कोरून घेतलंय. (करकटकाने तिथे स्वतःची नावं कोरणारे या परंपरेत धरू नका.)

तर तुमच्या मुलीला खळ लावू देऊ नका, खाली कोरी जागा सोडायला सांगा. आणि एकदा स्वतः जाऊन वाचून या. तिला आधी सांगू नका, ती जिन्यात असेलच.