मुलीच्या नावावर येणारे पैसे

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांकडून एक प्रश्न सारखा कानावर येतो. घरातला कमावता माणूस अपंग झाला, की त्याच्याबरोबर मुलांच्या नावावरही दरमहा सरकारी पैसे येतात. ते घ्यावेत का? घेतले तर घरात वापरावेत का?

माझ्याकडे आलेल्या माधवचंही (नाव बदललं आहे) तेच होतं. एकेचाळिसाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, नोकरी गेली. अपंगत्वामुळे काम सुटलेल्यांना मिळणारी सरकारी रक्कम, सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी, म्हणजे एसएसडीआय, मंजूर झाली: दरमहा त्याला २,००० डॉलर आणि अकरा वर्षांच्या ईशाला १,०००. ईशाच्या पैशांना तो हात लावू देईना. इकडे भाडं थकत होतं.

"मॅडम, पोरीच्या पैशांवर जगायचं? ही भीकच झाली."

अशा वेळी मी धीर देत बसत नाही. दुःखाच्या मुळाशी बहुतेकदा एक 'च' असतो, तो शोधते. माधवचा 'च' स्पष्ट होता: बापाने कमावलंच पाहिजे, नाहीतर तो बाप नाही. तो वाद घालून सुटणार नव्हता. मी त्याला जुनी पगाराची स्लिप आणायला सांगितली.

डाव्या हाताचं बोट त्याने एकेका ओळीवरून फिरवलं आणि सोशल सिक्युरिटीच्या कपातीवर थांबवलं. पगाराच्या ६.२ टक्के. तेवढेच कंपनीनेही भरलेले.

"हे कोणी भरले?"

"मीच. कापूनच घ्यायचे."

"एलआयसीचा हप्ता भरतो तसेच ना?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे ईशाचे पैसेही माझ्या कमाईतलेच."

ही ओळ माझ्या तोंडून आली असती तर वाया गेली असती. त्याला ती स्वतःच्या स्लिपवर सापडली, म्हणून टिकली.

आता व्यवहाराचं. एसएसडीआय क्रेडिटवर, म्हणजे काम करून हा कर भरला की जमा होणाऱ्या गुणांवर, मिळते. वर्षाला जास्तीत जास्त ४ क्रेडिट. माधवच्या वयाला शेवटच्या १० वर्षांत २० लागतात. एच-१बी या कामाच्या व्हिसावर कर भरलेली वर्षं धरतात. पुण्यातली नोकरी धरत नाहीत, कारण दोन्ही देशांतली नोकरी एकत्र मोजण्याचा करार भारताशी नाही. एसएसआय ही योजना वेगळी, गरजेवर आधारलेली, आणि तिच्यात मुलांचा वाटा नसतो. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि हक्काचा अर्जच करत नाहीत.

मुलाला पालकाच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळतं आणि पालकाचे पैसे त्यामुळे कमी होत नाहीत. मात्र साऱ्या कुटुंबाला मिळून मर्यादा असते, पालकाच्या रकमेच्या फार तर दीडपट. ईशाला भाऊ असता तर दोघांना पाचशे-पाचशे आले असते. तिच्या आईने अर्ज केला असता तरी तेच १,००० दोघींत वाटले गेले असते.

मुलाचा अर्ज सोशल सिक्युरिटी कार्यालयाची फोनवरून वेळ घेऊन करावा. अडतं ते जन्मदाखल्यावर. आपल्याकडच्या सवयीने लोक नोटरीची प्रत नेतात, ती चालत नाही. मूळ दाखला लागतो, किंवा ज्या कार्यालयाने तो दिला त्यानेच प्रमाणित केलेली प्रत. मराठीतला असला तरी हरकत नाही, भाषांतराची सोय सोशल सिक्युरिटीवालेच करतात.

आणि खर्च? नियमच सांगतो की आधी मुलाचं अन्न, निवारा, कपडे, औषधपाणी, आणि उरलं तर त्याच्या नावावर शिल्लक. म्हणजे भाड्यातला ईशाचा वाटा तिच्या पैशातून देणं हा गुन्हा तर नाहीच, पैशांचा तो पहिला उपयोग आहे. मुलासोबत राहणाऱ्या आईवडिलांना वार्षिक हिशेब पाठवावा लागत नाही, पण नोंदी ठेवाव्या लागतात. माधवने वही घातली. डाव्या हाताची वाकडी अक्षरं: भाडं २,१०० भागिले ३, म्हणजे ७००, जेवण २००, चष्मा ६०, बचत ४०.

ईशाला हे कोणी सांगायचं, यावर दोघं नवरा-बायको अडले होते. मी म्हटलं, वडिलांनीच सांगावं, स्लिप हातात घेऊन. अकरा वर्षांच्या मुलीला टक्केवारी कळते.

एक गोष्ट मी प्रत्येक कुटुंबाला कॅलेंडरवर लिहायला लावते. मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की पैसे थांबतात. मूल तेव्हा हायस्कूलमध्येच पूर्णवेळ शिकत असेल, तर शाळेची सही घेऊन विद्यार्थ्याचा फॉर्म द्यायचा; मग शाळा संपेपर्यंत किंवा एकोणीस पूर्ण होऊन दोन महिने होईपर्यंत, जे आधी होईल तोवर ते चालू राहतात. कॉलेज यात धरत नाहीत.