स्नोमोबाईलसाठी बर्फाचं फावडं: पातं, दांडा आणि सॅकमधली जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून पाच जण फेब्रुवारीत ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकला जाताय, स्नोमोबाईल (पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली बर्फावरची मोटरगाडी) घेऊन आखलेली वाट सोडून डोंगरात शिरायचा बेत आहे. जुन्या बाजारात मिळणारं लष्करी पद्धतीचं घडीचं फावडं चालेल का, आणि पाच जणांत दोन फावडी पुरतील का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. कारणं सांगतो, म्हणजे दुकानात उभं राहून तुमचं तुम्हाला निवडता येईल.

रुतलेली गाडी काढायला फावडं दिवसातून चार वेळा लागेल. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस काढायला ते कदाचित आयुष्यात कधीच लागणार नाही. तरीही निवड करायची ती या दुसऱ्या कामासाठी. पूर्ण गाडला गेलेला माणूस १५ मिनिटांच्या आत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. ३५ मिनिटांवर ती साधारण एक तृतीयांश उरते. बीकनने, म्हणजे अंगावर बांधायच्या, संकेत पाठवणाऱ्या आणि पकडणाऱ्या छोट्या यंत्राने, जागा शोधणं सराव असेल तर काही मिनिटांत उरकतं. वेळ खातं ते खणणं. एक मीटर खोल गेलेल्या माणसापर्यंत पोचायला एक घनमीटरहून जास्त बर्फ उपसावा लागतो, आणि स्खलनाचा ढिगारा घनमीटरला ३०० ते ५०० किलो भरतो.

शिवाय हा बर्फ भुसभुशीत नसतो. घसरताना कण फुटतात, एकमेकांवर घासतात आणि थांबल्या थांबल्या एकमेकांना चिकटून सिमेंटसारखे धरतात. म्हणून प्लास्टिकचं पातं बाद. ताज्या बर्फात ते छान चालतं, पण ढिगाऱ्यावर मारलं की वाकतं आणि वरून घसरतं, आत शिरत नाही. घडीच्या फावड्याचं पातं लहान, दांडा आखूड, वजन उगाच जास्त. त्यातून सगळा जोर बिजागरीवर आणि तिच्या नटावर येतो आणि तो नट ढिला होत जातो. पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या जीपसाठी ते जरूर ठेवा. बर्फात नको.

पातं अॅल्युमिनियमचंच घ्या, उष्णताप्रक्रिया केलेलं. ६०६१ हा मिश्रधातू नेहमीचा. आकार २ ते २.५ लिटर बर्फ मावेल एवढा. मोठं पातं बघायला दमदार वाटतं, पण दर खेपेला अर्धा किलो जास्त उचललं की पाचव्या मिनिटाला हात गळतात. भरभर आणि सारखं चालणारं लहान पातं जास्त बर्फ हलवतं. वरच्या कडेला बूट ठेवून दाबता येईल अशी सपाट पट्टी हवी. पात्याची पाठ शक्य तितकी सपाट असावी. बर्फाच्या थरांची चाचणी घेताना ३० सेंटिमीटर चौरस खांब कापून त्यावर पातं ठेवून थापट्या मारतात, तिथे खोलगट पातं नीट बसत नाही. दातेरी धार कडक बर्फात मदत करते, पण खड्ड्याची भिंत गुळगुळीत कापता येत नाही. माझं मत सरळ धारेच्या बाजूने.

दांडा आत-बाहेर सरकणारा घ्या. पूर्ण लांबी ८० ते १०० सेंटिमीटर असली की उभ्याने पाठ न मोडता खणता येतं, आणि खड्ड्यात गुडघ्यावर बसून काम करताना तोच दांडा आखूड करता येतो. नळी लंबगोल किंवा कोनदार असेल तर हातात फिरत नाही आणि स्प्रिंगचं बटण भोकात आपसूक बसतं. गोल नळीत ते भोक शोधत बसावं लागतं, आणि जाड हातमोज्यात ते अवघड जातं. याच कारणासाठी मूठ डी आकाराची घ्या, चारही बोटं मोज्यासकट आत जातात. टी आकाराची मूठ सॅकमध्ये कमी जागा घेते, पण ओल्या मोज्यातून निसटते.

एक सोय मात्र आवर्जून पाहा: पातं दांड्याला काटकोनात बसवता येतं का. आपल्याकडे बांधकामावर घमेलं भरायला जे फावडं वापरतात, तसा आकार होतो. गाडीच्या पोटाखालचा आणि फूटबोर्डवरचा बर्फ ओढून काढायला यासारखं दुसरं काही नाही. दांड्यात लपवलेली करवत मिळत असेल तर उत्तम. झुडपात अडकलेली स्की फांदी कापून सोडवता येते. एवढं सगळं ७०० ते ९०० ग्रॅममध्ये बसतं. बचावकार्याच्या फावड्यांसाठी यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेचं यूआयएए १५६ हे मानक आहे, त्याचा उल्लेख असलेलं मिळालं तर तेच घ्या.

आता दोनच का पुरत नाहीत ते. गाडला जाणारा माणूस स्वतःचं फावडं घेऊनच गाडला जातो. वर उरलेल्यांकडे जे असेल तेवढंच कामाचं. म्हणून पाच जण म्हणजे पाच फावडी, पाच प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची घडीची लांब काठी), पाच बीकन. फावडं आणि प्रोब पाठीवरच्या सॅकमध्ये, बीकन अंगावर. गाडीला बांधलेलं फावडं गाडीबरोबर वाहून जातं. गाडीवर जादाचं एक ठेवायला हरकत नाही, पण ते जादाचंच. सॅकमध्ये पात्यासाठी वेगळा कप्पा हवा, नाहीतर पडल्यावर धार पाठीत रुतते. प्रोब ३०० सेंटिमीटरचा बरा.

गाडी रुतली की पहिली चूक थ्रॉटल दाबत राहण्याची. मागचा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, स्वतःसाठी खंदक खणतो आणि गाडी पोटावर बसते. इंजिन बंद करा. दोन्ही फूटबोर्डच्या बाजूचा, मग पोटाखालचा, मग स्कींच्या पुढचा बर्फ काढा. गाडी उताराच्या बाजूला कलती करून खंदकात बर्फ भरा. पुढे उतार तयार करून बुटांनी तुडवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. तुडवलेला बर्फ तेवढ्यात धरतो. मग हलका थ्रॉटल आणि एक-दोघांनी स्कीच्या कड्या बाजूने ओढायच्या. ट्रॅकच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. आणि फावड्याची पहार कधी करू नका. दोनशे किलोंच्या वरची गाडी तरफेने उचलायला गेलात की दांडा जोडापाशी वाकतो, आणि वाकलेला दांडा परत आत सरकत नाही.

चढावर रुतलेल्याच्या मदतीला सगळे वर जाऊ नका. एका उतारावर एकच गाडी, बाकीचे स्खलनाच्या वाटेबाहेर. हे ज्या दिवशी विसराल त्या दिवशी पाचही फावडी एकाच वेळी बर्फाखाली जातील.

माणूस काढताना प्रोब लागला तिथेच रोवलेला राहू द्या. त्याच्या डोक्यावर उभं राहून खाली खणू नका. त्याची हवेची जागा दाबली जाते. जेवढी खोली त्याच्या दीडपट अंतर उताराच्या बाजूला सरका आणि तिथून आडवं आत शिरा. बर्फ आधी बाजूला फेका, खड्डा कमरेएवढा झाला की मागे ढकला. पुढच्याने दर मिनिटाला जागा बदलायची. थकेपर्यंत एकट्यानेच खणणारा सगळ्यांचा वेळ घालवतो. बीकनने शोध चालू असताना सगळ्या गाड्यांची इंजिनं आणि मोबाईल बंद.

सराव पुण्यात करता येतो. सोसायटीचं बांधकाम चालू असेल तिथे विचारून ओल्या वाळूच्या ढिगात एक पिशवी एक मीटर खोल पुरा आणि पाच जणांनी जागा बदलत ती काढा. जाड मोजे घालून सॅकमधून फावडं काढून जोडायला १५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर सॅक बदला किंवा फावडं. नंतर दांडा धुऊन कोरडा करा. नळीत राहिलेलं पाणी थंडीत गोठलं की बटण बसतच नाही. पात्याला मेणबत्ती घासली की बर्फ कमी चिकटतो.

विमानात फावडं, प्रोब आणि करवत चेक-इन बॅगेतच टाका. रेव्हलस्टोकला पोचल्यावर अॅव्हलांच कॅनडा या संस्थेचा त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचल्याशिवाय गाडी सुरू करू नका, आणि जमलं तर आधी त्यांचा एएसटी १ हा हिमस्खलन-सुरक्षेचा प्राथमिक अभ्यासक्रम करा. बोल्डर माउंटन किंवा फ्रिस्बी रिजला जाणार असाल तर स्थानिक वाटाड्या घ्या आणि निघण्यापूर्वी पाचही बीकन एकमेकांसमोर धरून तपासा.