लाकडाचा व्यापारी फिलेटस सॉयर सिनेटर कसा झाला आणि त्याचं नाव खराब का झालं?

सॉयर जन्मला 1816 मध्ये, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. 1847 मध्ये विस्कॉन्सिन राज्यात येऊन आधी शेती केली, पण पीक साथ देईना. 1849 मध्ये ऑशकॉशजवळ अल्गोमाला त्याने लाकूड कापण्याची गिरणी भाड्याने घेतली, पुढे विकतच घेतली. जागा मोक्याची: उत्तरेकडच्या जंगलातले पाइनचे ओंडके वुल्फ नदीतून वाहत थेट इथवर येत. मात्र नदीला पाणी कमी असलं की ओंडके वरच अडकत आणि गिरणी बंद पडे.

1857 आणि 1861 मध्ये राज्याच्या असेंब्लीत (विधिमंडळाच्या सभागृहात), मग ऑशकॉशचा महापौर, 1865 ते 1875 अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, 1881 ते 1893 सिनेटमध्ये. पक्ष रिपब्लिकन.

नाव खराब झालं 1891 मध्ये. सरकारी ठेवींवरचं व्याज खिशात घातल्याबद्दल राज्याच्या माजी खजिनदारांवर खटले चालू होते आणि सॉयर त्यांचा जामीन, म्हणजे भुर्दंड त्याच्यावरही येणार. खटल्याचे न्यायाधीश सीबेकर हे रॉबर्ट ला फॉलेट या रिपब्लिकन पक्षातल्याच वकील-नेत्याचे मेहुणे. मेहुण्याकडून निकाल फिरवून घ्यावा म्हणून मिलवॉकीच्या हॉटेलात सॉयरने आपल्याला लाच देऊ केली, असा आरोप ला फॉलेटने केला. ती वकिलाची फी होती, असं सॉयरचं म्हणणं. हे स्पष्टीकरण लंगडंच वाटतं. आरोप सिद्ध झाला नाही, पण पक्षात उभी फूट पडली आणि 1900 मध्ये, सॉयर वारला त्याच वर्षी, ला फॉलेट विस्कॉन्सिनचा गव्हर्नर म्हणून निवडून आला.